घोड्याची मोहीम, सुरुंगाचे युद्ध : माहीम ते तारापूर, १७३७–१७३९

पालघर तालुक्यातील मुरबे हे गाव खाडीच्या मुखाशी वसलेले आहे. खाडीपलीकडे दक्षिणेस सातपाटी, तिच्या खाली शिरगाव, माहीम आणि केळवे अशी गावांची ओळ लागते, तर उत्तरेस नांदगाव, नवापूर, दांडी ही गावे ओलांडली की तारापूर आणि चिंचणी येते. माहीमपासून तारापूरपर्यंतचा हा पट्टा वीस-पंचवीस किलोमीटरांहून अधिक लांब नाही आणि मुरबे त्याच्या जवळपास मध्यावर पडते. या लहानशा पट्ट्यात पोर्तुगीजांनी दोन शतकांच्या अंमलात केळवे-माहीमचे कोट, शिरगावचा किल्ला आणि तारापूरचा किल्ला अशी ठाणी बांधली होती, आणि ती सर्व १७३९ च्या जानेवारीत, एका महिन्याच्या आत, मराठ्यांच्या हाती आली. शिरगावहून तारापूरकडे किनाऱ्याने जाणाऱ्याला मुरबे वाटेतच लागते.

ही घटना 'वसईची मोहीम' या नावाने मराठी वाचकांना परिचित आहे. तिच्या सांगण्यात मात्र वसईचा शेवटचा हल्ला आणि मोहिमेचे सेनापती चिमाजीअप्पा यांचा निर्धार एवढाच भाग ठळक राहिला आहे, आणि त्यापूर्वीची दोन वर्षे पार्श्वभूमीसारखी मागे पडली आहेत. वास्तविक या मोहिमेचे खरे वैशिष्ट्य त्या दोन वर्षांतच दिसते. पहिल्या बाजीरावाच्या काळात वाढलेल्या तरुण मराठा शिपायाने युद्धाचे जे चित्र मनाशी बाळगले होते, ते घोड्याच्या पाठीवरचे, वेगाचे आणि मोकळ्या मैदानाचे होते. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर त्या चित्रातील जवळजवळ एकही गोष्ट त्याच्या उपयोगी पडली नाही. त्याचा भ्रमनिरास कोणा एका सेनापतीच्या चुकीतून झाला नव्हता. तो मुख्यतः भूगोलाने आणि तटबंदीच्या शास्त्राने घडवून आणला होता.

हे चित्र कसे तयार झाले होते, ते प्रथम पाहिले पाहिजे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात देशावरील घरांमधून तरुण मुलगा लष्करात जाई तेव्हा त्याची वाट त्याच्या ऐपतीवर ठरे. ज्याच्याजवळ स्वतःचा घोडा आणि हत्यार असे तो शिलेदार, ज्याला सरकारचा किंवा सरदाराचा घोडा मिळे तो बारगीर, आणि जो पायी लढे तो हशमांत मोडे. दसऱ्याला शमीपूजन करून, सोने लुटून, गावाची शीव ओलांडायची आणि पावसाळ्यापूर्वी परत यायचे, असा या जीवनाचा वार्षिक क्रम होता. निघताना घोड्याच्या नालांसह एकूण तयारीसाठी जी उचल मिळे तिला नालबंदी म्हणत, आणि मोहिमेत पोटापुरता जो नियमित पैसा मिळायचा त्याला रोजमुरा. रोजमुरा थकणे ही नेहमीची गोष्ट असल्याने लुटीतील वाटा हाच खरा मोबदला मानला जाई.

शिवाय ज्या विजयांच्या गोष्टी या पिढीने ऐकल्या होत्या, ते सारे घोडदळाचे विजय होते. १७२८ मध्ये पालखेडच्या परिसरात बाजीरावाने निजामाला मोठी लढाई न देताच, केवळ हालचालींच्या वेगाने कोंडून शरण आणले होते. १७३७ च्या वसंतात तर तो कित्येक दिवसांची मजल दोन दिवसांत मारून थेट दिल्लीच्या वेशीपाशी प्रकटला होता, आणि नेमक्या त्याच सुमारास कोकणात ठाण्याच्या किल्ल्यावर रात्रीचा छापा पडला होता. एकाच राज्याचे सैन्य एकाच महिन्यात दोन सर्वस्वी भिन्न प्रकारची युद्धे लढू लागले होते. त्यांपैकी पहिले संपत आले होते आणि दुसऱ्याची आता कुठे सुरुवात होत होती.

मोहिमेची सुरुवात मात्र फसवी ठरावी इतकी सोपी झाली. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई मिळाल्यापासून पोर्तुगीजांनी साष्टी, वसई, माहीम, तारापूर असा मोठा प्रदेश हळूहळू ताब्यात घेतला होता आणि १५५९ मध्ये दमण घेऊन त्याची उत्तरेकडील बाजू पक्की केली होती. धर्माच्या बाबतीतील जाच आणि वेठबिगार यांनी त्रासलेल्या स्थानिक वतनदारांनी, विशेषतः अंजूरच्या नाईक घराण्याने, पेशव्यांशी संधान बांधले. ठाण्याचा नवा किल्ला अजून बांधून पुरा झालेला नव्हता. १७३७ च्या मार्चअखेर तो अल्पशा लढाईने हाती आला, पाठोपाठ अर्नाळा बेटही पडले, आणि वसई आता काही आठवड्यांतच पडेल असे सर्वांना वाटू लागले. (त्या काळी इंग्रजांची दिनदर्शिका पोर्तुगीजांच्या दिनदर्शिकेपेक्षा अकरा दिवस मागे असल्याने निरनिराळ्या ग्रंथांत या घटनांच्या तारखांत तेवढा फरक आढळतो, म्हणून येथे शक्यतो महिन्यांचाच निर्देश केला आहे.)

वसई पडली नाही. १७३७ च्या पावसाळ्यात शिड्या लावून केलेले हल्ले परतवले गेले, आणि मराठा शिपायाच्या वार्षिक क्रमात जे कधी नव्हते ते त्याच्या वाट्याला आले, म्हणजे भर पावसात छावणी. उत्तर कोकणातील पावसाळा हा नुसता पावसाचा हंगाम नसतो. खाडीकाठची खाजणे, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खारट चिखलाच्या जमिनी, त्या दिवसांत वाटा गिळून टाकतात. दारू ओली होते, तोड्याच्या बंदुकीची वात पेटत नाही, घोड्यांचे खूर कुजतात आणि घाटावरून येणारी रसद अडून पडते. किनाऱ्यावरच्या कोळी-मांगेल्यांना उधाणाची भरती कोणती आणि भांगाची कोणती, म्हणजे मोठ्या व लहान भरतीचे दिवस कोणते, हे तिथीवरून तोंडपाठ असते. देशावरून आलेल्या स्वाराला हे गणित ठाऊक नव्हते, आणि सकाळी ज्या खाडीतून घोडा उतरवला तीच दुपारी परतीची वाट बंद करते, हे त्याला अनुभवानेच शिकावे लागले. वाड्यांमधून, म्हणजे कुंपणांनी वेढलेल्या नारळी-पोफळी आणि पानवेलींच्या बागांमधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांत घोडदळाची फळी उभीच राहू शकत नव्हती.

पुढच्याच हिवाळ्यात माहीमला वेढा पडला. तो १७३८ च्या आरंभी पोर्तुगीजांच्या कुमकेने मोडून काढला आणि त्यात मराठ्यांची मोठी हानी झाली. या पराभवाला मराठी इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही, कारण वर्षभरातच तेच ठाणे घेतले गेले आणि जयाने पराजय झाकला गेला. परंतु तिथे असलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर माहीमचा मोडलेला वेढा हाच या मोहिमेचा मध्यबिंदू ठरतो. बाजीराव त्या वेळी भोपाळजवळ निजामाला घेरून बसला होता, राज्याचे उत्तम स्वार तिकडे होते, आणि कोकणात जे होते त्यांना आपण दुय्यम कामावर असल्याची जाणीव असणार. ज्या कामात कीर्ती नाही, लूट नाही आणि रोजचे मरण मात्र आहे, ते करताना शिपायाचा उत्साह किती काळ टिकतो, हा प्रश्न पेशव्यांपुढेही होता. १७३८ च्या अखेरीस चिमाजीअप्पा स्वतः मोठे सैन्य घेऊन उतरले, त्यामागे हेही एक कारण मानावे लागते.

१७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी घेतलेली ठाणी पाहिली की त्यांनी आता घाई सोडून दिली होती हे लक्षात येते. वसईवर थेट न जाता तिला उत्तरेकडून मिळणारी मदत तोडायची, म्हणजे दमण आणि वसई यांमधील एकेक दुवा काढून टाकायचा, असा हा बेत होता. प्रथम माहीम पडले, मग केळवे आणि शिरगाव, आणि महिनाअखेरीस तारापूर. यांतील तारापूरचा वेढा विशेष बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण नव्या पद्धतीच्या युद्धात तरुण माणसाचे नेमके काय होते, हे तिथे स्पष्ट दिसते.

तारापूरचा किल्ला खाडीच्या दक्षिण काठावर, समुद्राला लागून उभा होता. असा किल्ला घेण्याची रीत ठरलेली होती. प्रथम मोर्चे लावायचे, म्हणजे तटापासून मारा चुकेल इतक्या अंतरावर खंदक आणि मातीचे आडोसे करून माणसे बसवायची, आणि रोज रात्री ते थोडे थोडे पुढे सरकवायचे. जिथे तोफ चढवायची तिथे मातीचा दमदमा, म्हणजे उंच चौथरा उभारायचा. मोर्चे तटाशी भिडले की बेलदार कामाला लागत. बेलदार हे माती-दगड खणणारे व्यावसायिक लोक. ते तटाच्या पायाखाली माणूस वाकून जाईल एवढे भुयार खणत, वरची माती कोसळू नये म्हणून लाकडाचे टेकू देत, आणि पायाच्या बरोबर खाली पोहोचले की तिथे थोडी रुंद कोठडी करून त्यात दारू भरत. हाच सुरुंग. मात्र दारू भरली म्हणजे काम संपले असे होत नसे. भुयाराचे तोंड माती-दगडांनी पुन्हा घट्ट बुजवावे लागे, कारण ते सैल राहिले तर स्फोटाचा जोर तट उचलण्याऐवजी भुयारातून मागे, खणणाऱ्यांच्याच अंगावर येई. समुद्रकाठी आणखी एक अडचण होती. थोडे खोल गेले की पाणी झिरपते, आणि ओली झालेली दारू पेटत नाही किंवा, त्याहून वाईट म्हणजे, अवेळी पेटते.

आतले लोकही स्वस्थ नसत. खणण्याचा आवाज ऐकून ते उलट भुयार खणत, वरून पेटलेली मडकी टाकत आणि हुके, म्हणजे हाताने फेकायचे दारूगोळे, मोर्च्यांत सोडत. या सगळ्या उद्योगात घोड्यावर बसलेल्या माणसाला काहीच काम नसते. शिलेदाराने घोडा मागे झाडाला बांधायचा, अंधारात पालथे पडून राहायचे, आणि सुरुंग उडाला की धूळ बसण्यापूर्वी पडलेल्या भगदाडातून आत धाव घ्यायची. ज्या घोड्याच्या खरेदीसाठी त्याच्या घराने कर्ज काढले असेल, त्या घोड्याचा या क्षणी काडीचाही उपयोग नसे. भगदाडात पहिला जो चढेल त्याला मान मिळे, आणि मरण्याची खात्रीही त्यालाच सर्वांत अधिक असे.

तारापूरला सुरुंग उडाले, भगदाडे पडली आणि मराठे आत शिरले, पण आतील शिबंदी शरण आली नाही. हातघाईची लढाई झाली आणि दोन्ही बाजूंची बरीच माणसे पडली. बाजीरावाच्या उत्तरेकडील स्वाऱ्यांत नाव कमावलेला बाजी भिवराव रेठरेकर हा सरदार या वेढ्यात गोळी लागून ठार झाला. माळव्यात आणि बुंदेलखंडात मोकळ्या रानात वावरलेल्या माणसाला एका लहानशा किनारी किल्ल्याच्या तटावरून आलेल्या गोळीने संपवावे, हा प्रकार त्या काळच्या मराठा सरदारांच्या मनाला फार लागला असावा. चिमाजीअप्पांच्या पत्रव्यवहारात तारापूरच्या विजयाची बातमी आणि त्याच्या मृत्यूचे दुःख एकत्रच येते. ही पत्रे विजयपत्रे असली तरी त्यांचा सूर विजयाचा नाही. शत्रू निकराने लढला हे ती मोकळेपणाने मान्य करतात. चिमाजीअप्पा स्वतः त्या वेळी जेमतेम तिशी ओलांडलेले होते.

तटाच्या आतील तरुणांचाही विचार येथे आवश्यक आहे, कारण मराठी लेखनात 'फिरंगी' हा एकसंध शत्रू म्हणून येतो आणि तो तसा मुळीच नव्हता. पोर्तुगीज शिबंदीत युरोपातून आलेले थोडे, इथेच जन्मलेले मिश्र वंशाचे काही, स्थानिक ख्रिस्ती बरेच, आणि आफ्रिकेतून आणलेले गुलामही असत. युरोपातून आलेल्यांत 'देग्रेदादो' मोठ्या संख्येने होते. म्हणजे पोर्तुगालमध्ये एखाद्या गुन्ह्यासाठी हद्दपारीची शिक्षा झालेले आणि ती शिक्षा भोगण्यासाठी पूर्वेकडे शिपाई म्हणून पाठविलेले लोक. त्यांना कोणी शौर्याच्या गोष्टी सांगून आणले नव्हते. पगार थकणे हा गोव्याच्या सरकारचा जुना रोग होता, आणि वसईच्या अखेरच्या दिवसांत तर परिस्थिती अशी झाली की चर्चमधील चांदीची उपकरणे आणि काही पितळी तोफा तारण ठेवून मुंबईच्या इंग्रजांकडून १५,००० रुपये कर्ज घ्यावे लागले. शेजाऱ्याचे घर जळत असताना इंग्रजांनी तारण मागितले, हा त्यांच्या व्यापारी स्वभावाला साजेसाच व्यवहार होता.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईचा अखेरचा वेढा सुरू झाला आणि तो मेपर्यंत चालला. उत्तरेत नादिरशहा दिल्लीत शिरला होता, बाजीरावाला सैन्य लवकर मोकळे हवे होते, आणि मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांच्यासारखे माळव्यातील सरदारही वसईच्या वाळूत येऊन बसले होते. तारापूरला जे लहान प्रमाणावर घडले तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडले. मेच्या मध्यावर सुरुंग पेटवले गेले; काही उडाले, भगदाड पडले, शिपाई धावून वर चढले, आणि जो सुरुंग वेळेवर उडाला नव्हता तो त्यांच्या पायाखाली उडाला. स्वतःच्याच दारूने स्वतःची शेकडो माणसे जावीत, असा हा प्रसंग होता. किल्ल्याचा सेनानी मार्तिन्यो द सिल्व्हेरा वेढ्यात मारला गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या कायतानु द सोझा परेरा याने १६ मे १७३९ रोजी तहाची कलमे मान्य केली आणि आठवड्याने पोर्तुगीज बाहेर पडले. ग्रँट डफने मराठ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून त्यांच्या मृत व जखमींचा आकडा ५,००० हून अधिक दिला आहे.

तहाच्या अटींत शिपायाच्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची होती. पोर्तुगीज सैन्याला हत्यारांसह, वाजतगाजत, निशाणे फडकावीत बाहेर जाण्याची मुभा मिळाली, रहिवाशांना आपली चीजवस्तू नेता आली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळण्याचे आश्वासन मिळाले. राजनीती म्हणून हा निर्णय शहाणपणाचा होता आणि चिमाजीअप्पांच्या उदारपणाची साक्ष म्हणून तो योग्यच सांगितला जातो. पण ज्या बारगिराने तीन महिने खंदकात काढले होते, त्याच्या हिशेबात मोहिमेचा सर्वांत मोठा मोबदला त्याच्या डोळ्यांदेखत गलबतांवर चढून निघून गेला. पेशव्यांची तिजोरी ही तूट भरून काढण्याच्या स्थितीत नव्हती. सावकारांच्या पाया पडता पडता कपाळ झिजले अशा आशयाच्या बाजीरावाच्या तक्रारी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत प्रसिद्धच आहेत.

मेलेल्यांच्या घरांसाठी मराठी राज्यात एक व्यवस्था होती, तिला बालपरवेशी म्हणत. लढाईत कामास आलेल्या माणसाच्या लहान मुलांच्या पालनपोषणासाठी काही नेमणूक, रोख किंवा जमिनीच्या रूपाने, करून दिली जाई. ही प्रथा शिवकालापासूनची आणि निःसंशय मानवी आहे. मात्र तिचा लाभ मिळण्यासाठी मृताची नोंद कोणा सरदाराच्या पथकात असावी लागे आणि त्या सरदाराने ती पुढे मांडावी लागे. हंगामापुरत्या धरलेल्या हशमाच्या किंवा भुयारात गाडल्या गेलेल्या बेलदाराच्या घरापर्यंत ती कितपत पोहोचत असेल, याची कल्पना या अटीवरूनच करता येते.

यानंतर दीड-दोन वर्षांत या मोहिमेचे कर्तेही गेले. बाजीराव १७४० च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजीअप्पांचे निधन झाले. तारापूर पडले तेव्हा चिमाजीअप्पांचा मुलगा सदाशिव आठ वर्षांचा होता. पुढे सदाशिवरावभाऊ म्हणून तो ज्या लढाईत गेला, ती पानिपतची लढाई मात्र या विषयाला थेट जोडली जाते, कारण तिच्यातून मराठीला एका तरुणाचे स्वतःचे निवेदन मिळाले.

वसईच्या मोहिमेची साधने विपुल आहेत, पण ती बहुतेक वरून खाली पाहणारी आहेत. पेशवे दफ्तरातील पत्रे सरदारांची, साष्टीची बखर वतनदारांच्या कर्तबगारीची, पोर्तुगीज कागद गोव्याच्या दरबारासाठीचे. युद्धात सापडलेला तरुण स्वतःविषयी काय म्हणतो, हे अठराव्या शतकातील मराठीत क्वचितच ऐकू येते, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाचा अपवाद म्हणजे नाना फडणीसांचे अपुरे आत्मचरित्र. १७४२ साली जन्मलेला नाना पानिपतच्या वेळी अठरा वर्षांचा होता. तो पेशाने लेखणीचा माणूस, आई आणि पत्नीला घेऊन भाऊसाहेबांच्या सैन्यासोबत उत्तरेत गेला होता तो तीर्थयात्रेच्या ओढीने. पानिपतच्या छावणीतील उपासमार त्याने पाहिली. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे म्हणण्यापर्यंत शिपाई आले होते, ती ही छावणी. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारनंतर विश्वासराव पडला, भाऊ गर्दीत दिसेनासा झाला, आणि एवढे प्रचंड सैन्य पाहता पाहता नाहीसे झाले, याचे वर्णन नाना कोणताही आव न आणता करतो. स्वतःच्या पळण्याविषयी तो तितकाच मोकळा आहे. अंगावरचे कपडे टाकून देऊन गरिबाचे रूप घेणे, उंच गवतात लपून बसणे, वाटेत पुन्हा पुन्हा लुटारूंच्या हाती सापडणे, सोबत्याला झालेल्या जखमा, भूक, आणि सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर आईच्या मृत्यूची बातमी, असा तो क्रम आहे. पत्नी तेवढी वाचली होती.

या निवेदनाचे मोल त्यातील माहितीपेक्षा त्याच्या स्वराला अधिक आहे. नाना शौर्याची फुशारकी मारत नाही आणि स्वतःची भीती लपवत नाही. सारा प्रकार ईश्वरी इच्छेवर सोपवून तो वैराग्याच्या भाषेचा आश्रय घेतो, कारण भ्रमनिरास व्यक्त करायला त्या काळच्या सुशिक्षित ब्राह्मण तरुणाजवळ तीच एक तयार भाषा होती. पुढे आयुष्यभर त्याने राज्य सांभाळले ते लेखणीने, तहांनी आणि खबरगिरांच्या जाळ्याने, आणि स्वतः रणांगणापासून दूर राहण्याबद्दल त्याची जी हेटाळणी झाली तिचे मूळ पानिपतच्या त्या रात्रीत शोधायला हरकत नाही. तारापूरच्या तटाखालचा बारगीर लिहिता असता तर त्याने वेगळी भाषा वापरली असती. पण पाहिलेली गोष्ट फारशी वेगळी नसती.

मग वसईच्या मोहिमेभोवती आजचे तेजोवलय कसे उभे राहिले? त्याची सुरुवात लगेच झाली. पोर्तुगीज चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर नेल्या गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील १७२१ सालची घंटा, भीमाशंकरची घंटा आणि मेणवलीची घंटा ही त्यांतील सर्वांत परिचित. नवसाला पावलेल्या वज्रेश्वरीचे देऊळ याच मोहिमेच्या अखेरीस उभे राहिले. घंटेचा नाद मैलभर ऐकू जातो, सुरुंगाच्या भुयाराचा मागमूसही उरत नाही, त्यामुळे स्मृती कोणत्या वस्तूला चिकटेल हे ठरल्यासारखेच होते. किल्ला पडत नसेल तर माझे मस्तक तोफेला बांधून आत उडवा, असे चिमाजीअप्पा म्हणाल्याची आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिने तीन महिन्यांच्या खणण्याची, थकल्या रोजमुऱ्याची आणि चुकलेल्या सुरुंगाची जागा एका वाक्याने घेतली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, पारतंत्र्यात असलेल्या समाजाला युरोपीय सत्तेवरील हा विजय मोलाचा वाटणे स्वाभाविक होते, आणि १७३७ ला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या सुमारास त्यावर नव्याने लेखन झाले. सरदेसाईंनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या खंडांमुळे त्याच दशकात मूळ पत्रेही छापून उपलब्ध झाली होती. पाठ्यपुस्तकांनी आख्यायिका घेतली. पत्रे अभ्यासकांपुरती राहिली.

तारापूरच्या किल्ल्याचे लष्करी महत्त्व मोहिमेनंतर लवकरच ओसरले. पुढे तो विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी घराण्याकडे इनाम म्हणून गेला आणि ज्या तटासाठी एवढी माणसे पडली त्याच्या आत बागायत झाली. मुरबे, सातपाटी, नांदगाव ही गावे आपल्या मासेमारीत आणि वाड्यांत राहिली. दोनशे तीन वर्षांनी या गावांतील माणसे पुन्हा गोळीला सामोरी गेली.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि सहाव्या दिवशी, १४ ऑगस्टला, आसपासच्या गावांतील लोक पालघरच्या कचेरीवर चालून गेले. सत्याग्रहाच्या चळवळीने युद्धाची भाषा आपलीशी केली होती. तिच्यात सैनिक होते, शिबिरे होती, रणशिंगे होती, फक्त हत्यार नव्हते. करा अथवा मरा या मंत्रातील दुसरा पर्याय किती जवळ आहे, हे पोलिसांनी गोळीबार केला तेव्हा कळले. पाच जण मारले गेले. त्यांत मुरब्याचे रामचंद्र चुरी होते, सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामप्रसाद तिवारी आणि सालवडचे सुकुर मोरे होते.

या पाचांची आठवण दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरमध्ये केली जाते, आणि नावे घेताना प्रत्येकाचे गाव आवर्जून सांगितले जाते. शिरगाव आणि तारापूर यांच्या मधल्या त्याच वाटेवरून १७३९ च्या जानेवारीत गेलेल्या सैन्याच्या पत्रांत मात्र पडलेल्या सरदारांची नावे येतात आणि बाकीच्यांचे आकडे.